टाळ्या वाजवल्या म्हणून

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होत असलेले आपले मुख्य प्रशिक्षक, तलावाचे आजी-माजी जलतरणपटू आणि पालकहो,

मला सरांची मुलगी म्हणून बोलायला उभं केलं आहे. घरातही आम्ही त्यांना सरच म्हणतो. माझ्या आधी बोललेल्या चौघांनी सांगितलं, की सरांचा मार खाल्ला म्हणून आम्ही घडलो. त्यांच्या भावनांचा मी आदर करते.

सरांचा नियम तुम्ही जाणताच. वेळ बिघडली की ओल्या पाठीवर थप्पड. वेळ सुधारली की अवाक्षर नाही. ते म्हणायचे, "मारलं की दुसऱ्या दिवशी पोरं जोरात पोहतात, कौतुक केलं की ढेपाळतात. वीस वर्षं डोळ्यांनी बघतोय." यात खोटं काही नव्हतं. दिसायचं तसंच.

मी बारा वर्षांची होते. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. एके दिवशी ती अर्धी रजा काढून पहिल्यांदाच मला बघायला आली. त्या दिवशी मी शंभर मीटरला तोवरची माझी सर्वांत चांगली वेळ दिली. आईने उभं राहून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी दोन सेकंद मागे पडले.

जेवताना सर तिला म्हणाले, "बघितलंस? टाळ्या वाजवल्यास म्हणून. आता तलावाकडे फिरकायचं नाही."

"अहो, दमली असेल पोर."

"दमत नाहीत, शेफारतात."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी आज गप्प बसले असते. पण पुढच्या वर्षी आई स्पर्धेच्या दिवशी फाटकापर्यंत आली, तेव्हा तिला परत पाठवणारी मी होते. "आई, तू आलीस की माझी वेळ बिघडते. जा ना गं." ती फाटकातूनच मागे वळली. पुढची अकरा वर्षं मी पोहत होते, पदकं आणत होते. तिने त्यातली एकही शर्यत पाहिली नाही. शेवटच्या आजारात तिने मला विचारलं, "पाण्यात तू दिसतेस कशी गं?"



ती गेल्यावर सरांच्या वह्या माझ्या हाती आल्या. त्यांत प्रत्येकाची रोजची वेळ आहे. मी माझी पानं काढून बसले. सगळ्या वर्षांत मिळून एक्केचाळीस वेळा मी स्वतःचा विक्रम मोडला, आणि त्यातल्या छत्तीस वेळा दुसऱ्या दिवशी मागे पडले. आई तिथे होती ती एकदाच. फार चांगला दिवस एखादाच असतो, त्यानंतरचा दिवस नेहमीसारखा जातो. बाकी काही नाही. फार वाईट दिवसाचंही तसंच. सर टायफॉइडने आजारी होते तेव्हा दीड महिना जीवरक्षकाने वेळा लिहिल्या आहेत. त्याने कुणाला बोट लावलं नाही. वाईट दिवसानंतर पोरं तेव्हाही तितकीच सुधारत होती.

मग त्या थपडा कशासाठी होत्या, हे मी इथे बसलेल्यांना विचारणार नाही. तुमची पाठ, तुमचा प्रश्न.

काल संध्याकाळी मी वही सरांपुढे ठेवली. त्यांनी एकेक पान नीट वाचलं. मग म्हणाले, "उरलेल्या पस्तीस दिवशीही ती लपून येत असेल. तुला काय माहीत?"

मला राग यायला हवा होता. पण क्षणभर वाटलं, सरांचं खरं निघू दे. ती कुठेतरी भिंतीआड उभी असू दे, तिने मला पाहिलेलं असू दे. पण ती आली नव्हती. तिने माझं ऐकलं होतं.

संयोजकांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, याबद्दल मी सर्वांची ऋणी आहे. प्रसंगाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. सरांनी घातलं नाही तरी चालेल.