विमान कुणाच्या हातात होतं

नाव ओळखपत्राप्रमाणे, क्लबात सगळे पायलटबाई म्हणतात. वय १९. शिक्षण चालू, विमान चालवायला शिकते. राहणार फ्लाइंग क्लबमागच्या कॉलनीत, आईसोबत.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, क्लबचे इन्स्ट्रक्टर माझे सख्खे मामा आहेत. आज सकाळी आम्ही दोघं टेलव्हील विमानातून उडालो. मामा पुढच्या सीटवर, मी मागच्या. या विमानाचं तिसरं चाक शेपटीखाली असतं. त्यामुळे उतरल्यावर शेपटी पुढे यायला बघते, आणि विमान थांबेपर्यंत पायांनी रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, सांभाळत राहावं लागतं. "चाकं टेकली म्हणजे लँडिंग संपलं नाही, दोरीने बांधलं की संपलं," हे मला मामांनीच शिकवलंय.

उतरताना डावीकडून जोरात वारा होता. मामा म्हणाले, "कंट्रोल माझ्याकडे." मी म्हणाले, "कंट्रोल तुमच्याकडे." हे मोठ्याने बोलायचंच असतं. त्यानंतर माझे हात मांडीवर होते आणि पाय पेडलवर नव्हते.

टेकलं एकदम भारी. इतकं सॉफ्ट लँडिंग मी कधी बघितलं नव्हतं. मामा खूश होऊन मागे वळले, "बघितलंस? लोणी!" मीही हसले. तेवढ्यात नाक डावीकडे गेलं. मामांनी उजवा पाय दाबला, पण उशीर झाला. विमान धावपट्टी सोडून गरकन फिरलं. तिथे कडेला मेकॅनिक तात्या उभे होते. वारा असला की थांबलेल्या विमानाचा पंख धरायचं काम त्यांचं. उजवा पंख त्यांच्या कमरेत बसला.

तात्या शुद्धीवर होते. त्यांनी विचारलं, "कुणाच्या हातात होतं रे विमान?" मी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "पोरीच्या." तात्या म्हणाले, "अगं पायलटबाई, पाय कुठे होते तुझे?"

हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये मामा म्हणाले, "तू शिकाऊ आहेस, तुला माफ करतील. माझं लायसन्स गेलं तर मामीला काय तोंड दाखवू?" मी विचारलं, "आणि तात्यांना?" ते म्हणाले, "चहा पी, गार होतोय." मग आईचा फोन आला, "दादा सांगतोय तसं सांग. घरातली गोष्ट घरात राहू दे."

मी तात्यांना बघायला वर गेले. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांच्या बायको, काकू, म्हणाल्या, "झोपलेत ते." ते झोपले नव्हते. पुन्हा चालतील की नाही, डॉक्टर अजून सांगत नाहीत.

विमान मामांच्या हातात होतं. हे कुणाच्या दबावाखाली सांगत नाही. दबाव होता तो उलट सांगण्यासाठी. माझा जबाब तात्यांनाही वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

वरचं सगळं मला वाचून दाखवलं, मी बोलले तसंच आहे. जबाब लिहून घेणारे साहेब म्हणाले, "मामा"च्या जागी "सदर इन्स्ट्रक्टर" घालू का, बरं दिसेल. मी म्हणाले, नको, मामाच राहू द्या.