जावेचे आभार

दवाखान्यात जाऊन नुसतं बोलल्यानं काय होतं, असं विचारता ना? मग माझं ऐका.

मालक वारल्यावर माझं खाणं-झोपणं सुटलं, तेव्हा कर्जतच्या एका दवाखान्यात मला समुपदेशनाच्या ताईंसमोर बसवलं. ताई म्हणाल्या, "ज्या माणसाचे कधी आभार मानले नाहीत, त्याच्यासमोर बसून माना. मनाला बरं वाटतं."

घरच्या माणसाचे आभार मानायला आपण काय सभेत भाषण करतोय? तरी गेले थोरल्या जावेकडं. ती भाकरी थापत होती. म्हणाले, "आक्का, मालक गेल्यावर तुमी माझी गुरं सांभाळली, पोरीला जेवू घातलं. लई उपकार झाले तुमचे."

तिनं भाकरी तशीच टाकली आणि पिठाच्या हातानं माझा जबडा धरला. "तोंड उघड. काय खाऊन आलीस?"

"काही न्हाई खाल्लं. ताईंनी आभार मानायला सांगितलं."

"माणूस जाताना असं बोलतं," ती म्हणाली. तोंडाचा वास घेतल्याशिवाय मला सोडलं नाही. पुढच्या खेपेला दवाखान्यातही सोबत आली.

मी ताईंना हे सगळं हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जाऊबाईंना भीती वाटली तसं, जीव द्यावा असं खरंच तुमच्या मनात येतं का?"

इतकं सरळ मला कुणी विचारलंच नव्हतं. मी जावेकडं बघितलं.

"येतं," म्हणाले.

जावेनं माझा हात धरला. "ताई, आता करा इलाज सुरू. आत्ता कुठं ही खरं बोलली."