पोस्टरवरचा हात

आमी मूळचे जामखेडकडचे, पान्याची बोंब असलेल्या गावचे, आता कोल्हारला प्रवरेच्या काठी राहतो ही गोष्ट येगळी. आज्यानं घरातला देव्हारा काढला आन बुद्ध आनला, पन जमीन काय कुठनं आनता आली न्हाई, तवा बापानं जनमभर दुसऱ्याच्या शेळ्या राखल्या आन मी त्या शेळ्या इकायला शिकलो. जरा दार लोटून घ्या. कडी घातली तरी चालंल. काय सांगू तुमाला, मघाशी तुमी मोबाईल काढून माझ्याकडं धरलात ना, मी आधी दार कुठं हाय ते बगितलं. आवाज धरायला काढला म्हनता, बरं, धरा आवाज. पन मोबाईल पालथा ठेवा.

तर शेळ्या. एका बोकडावर धंदा सुरू केला, कुनी पाठीवर हात ठेवला न्हाई, कुनी जामीन राहिला न्हाई. आज लोनीला जा, काष्टीला जा, कुठल्याबी बाजारात इचारा, बाबूराव व्यापारी म्हनलं की लोक म्हनतील मानूस तापट, पन सौद्याचा पक्का. रुमालाचा सौदा तुमाला ठाऊक न्हाई? घेनाऱ्यानं आन इकनाऱ्यानं हातात हात घ्यायचा, वरनं रुमाल टाकायचा आन आत बोटं दाबून भाव करायचा. तोंड गप. भोवती गर्दी हुबी आसली तरी कुनाला आकडा कळत न्हाई. मी तोंडानं सौदा केला की भांडन ठरलेलं, पन रुमालात माझं लई जमायचं, सगळा राग बोटात जिरायचा.

हेच बगून त्यो डायरेक्टर साहेब भुलला. लोनीच्या बाजारात आल्ता, पांढरी दाढी, महागाची चप्पल शेनात बुडलेली, आन सकाळपसनं माझ्या हाताकडं बगत हुबा. मला वाटलं टॅक्सवाला हाय. दुपारी जवळ आला आन म्हनला, शिनेमात काम करता का, जत्रंतनं पोरं पळवनाऱ्या मानसाचं काम हाय. मी म्हनलं, थोबाड फोडीन, मी तसला दिसतो व्हय? तर हसतोय. म्हनला, ह्योच राग पाहिजे, फकस्त असा आत दाबलेला.

शिनेमाचं नाव मी घेत न्हाई. आता भ्या वाटतं. त्यात मला सगळे मामा म्हनत्यात. जत्रंत एक बारकी पोरगी चुकलेली आसती, रडत आसती. मी तिच्याम्होरं बसतो, तिचा हात हातात घेतो, वर रुमाल टाकतो आन म्हनतो, किती जिलब्या पाहिजेत, तोंडानं न्हाई सांगायचं, बोटानं सांग. ती रडायची थांबती, मंग हसती. मी उठतो, ती माझं बोट धरून चालाया लागती आन दोघं गर्दीत दिसंनाशी हुतो. बास, एवढंच. मारामारी न्हाई, वरडनं न्हाई. पन थेटरात बाया आपापली पोरं मांडीवर वढून घ्यायच्या. लोक म्हनत्यात काय ॲक्टिंग केली. मी कसली ॲक्टिंग केली हो, मी सौदा केला. पोरगी पाच जिलब्या म्हनत हुती, मी तिला तिनावर आनली.

पैशाचं मी वाजवून घेतलं, त्यात मला कुनी हात दाखवू शकत न्हाई. वर अट घातली की पोस्टरवर माझं तोंड पाहिजे. साहेबानं रुमालात हात दिला आन व्हय म्हनला. आता रुमालात आकड्याला बोट हाय, पोस्टरला कुठलं बोट? ती गोष्ट तोंडी राहिली, आन तोंडी शब्द म्हंजे उघड्यावरचं मीठ. श्रीरामपूरला शिनेमा लागला तवा नवा सदरा घालून बायकोला घेऊन गेल्तो. पोस्टरवर हिरो, हिरॉईन, खाली ती पोरगी, आन पोरीच्या खांद्यावर एक हात. माझा हात. मनगटापसनं म्होरं. तोंड न्हाई. मी दारावरच्या मानसाशी भांडलो, त्याचा काय दोष, तरी भांडलो. आमची कमल म्हनली, हात वळखला मी, ह्या हाताच्या चापटी माझ्या पोरांनी खाल्ल्यात, आता गप आत चला.

त्या साहेबाला मी अजून माफ केलं न्हाई, हे लिवा. शिनेमाला बक्षीस मिळालं, मला बोलावनं न्हाई. फोन केला की साहेब शूटिंगमधी. मी आपला पुन्याला गेल्तो काम मागायला, एकानं चहा पाजला आन म्हनला, मामा, तुमाला बापाचं काम दिलं तर लोक शिनेमाभर पोरीची काळजी करत बसत्याल. म्हंजे एक काम असं केलं की दुसरं करायची सोयच राहिली न्हाई. बाजारात मात्र मी मामा. कालेजची पोरं यायची, मामा, रुमालात हात द्या की, फोटो काढू. खोटं कशाला बोलू, ग्वाड वाटायचं.

आन मंग ह्या साली ते सुरू झालं. त्या शिनेमाचा तेवढाच तुकडा कुनीतरी कापला, ना नाव ना गानं, वरनं धुरकट केला, जसं कुनी लांबनं चोरून काढलाय. खाली लिवलेलं, नगर जिल्ह्यात पोरं पळवनारी टोळी आलीया, ह्या मानसाला वळखा, म्होरं पाठवा. आमच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आला. आता बगा, शाना मानूस काय करंल? घाबरंल. माझी छाती फुगली. इतक्या वरसांनी कुनीतरी माझं काम दाखवतंय! मी खाली टाकलं, ह्यो मीच हाय, आन हात जोडल्याचं चित्र. झालं. माझ्या त्या वळीचा कुनी फोटो काढला आन तुकड्याच्या जोडीला त्यो बी फिराया लागला, की बगा, चोर सोताच्या तोंडानं कबूल करतोय.

थेटरात बाया पोरं वढून घ्यायच्या ना, आता यष्टीत वढून घ्याया लागल्या. मी खिडकीकडं तोंड करून बसायचो. कमल म्हनली, घरी बसा थोडं. मी तिच्यावरच वरडलो, घरी बसून शेळ्या काय पत्र्यावरनं उतरनार हायेत? पन आतनं टरकलो हुतो.

आमच्या जुन्या मुलखाकडचं एक गाव. नाव सांगत न्हाई, त्यांच्याशी अजून धंदा हाय. एक बोकड इकायचाय म्हनून घरच्या सुनंचा फोन आल्ता, मी फटफटीवर गेलो. सासरा रानात गेल्ता, सून म्हनली बसा लिंबाखाली, मामंजी येत्यात. बोकडापाशी तिची पोरगी हुती, पाचेक वर्साची, दाव्याला धरून रडत हुती. बोकड इकायला काढला की घरातलं बारकं रडतंच, त्यानं त्याला पाला घातलेला आसतो. म्हनून माझ्या खिशात कायम गोळ्या आसत्यात. मी तिच्याम्होरं बसलो, गोळी काढली आन तिच्या हातावर ठेवली.

नळावर एक बाई हुती. तिनं बगितलं. बाईची काय चूक, तिनं मोबाईलवर जे बगितलं तेच तिच्या डोळ्याम्होरं झालं, तसाच बसलेला मानूस, तशीच रडनारी पोर. ती जी वरडली, आजून माझ्या कानात हाय. कळशी पडल्याचा आवाज बी हाय.

पोरं धावली. सुनंचं कुनी ऐकलं न्हाई, तशी ती सासऱ्याला आनाया रानाकडं पळाली. एकानं कानाखाली दिली, दुसऱ्यानं फटफटीची चावी काढली, मला वढत पारावर नेलं. एक जन माझ्या तोंडाशेजारी मोबाईल धरून तुकडा लावतोय, दुसरा म्हनतोय त्योच, भुवई बग. मी म्हनलं त्यो शिनेमा हाय, मी काम केलंय. आमाला शेंडी लावतो! मंग नाव इचारलं, गाव इचारलं, मंग आडनाव इचारलं. आडनाव सांगितल्यावरचा सवाल कुनी तोंडानं इचारत न्हाई, पन डोळ्यात येतो आन त्यो आला. मी म्हनलं शिनेमाचं नाव घाला मोबाईलमधी, पोस्टर बगा. एका चष्म्यावाल्या पोराला कनव आली, त्यानं घातलं, पोस्टर निघालं, सगळे वाकले. हिरो. हिरॉईन. पोरगी. कुटं हायेस रं तू? मी म्हनलं, ह्यो हात. ह्यो माझा हात हाय. तशी गर्दी हसली, आन काय सांगू, मारापरीस त्या हसन्याला मी जास्त भ्यालो. कारन हसून झाल्यावर कुनीतरी म्हनलं, दावं आना. कोन म्हनलं ते दिसलं न्हाई. वरडनाऱ्या मानसाचं तोंड दिसतं, त्याच्याशी बोलता येतं. ह्यो अगदी हळू बोलला. माझी विजार वली झाली. हे बी लिवा, लाजायचं काय त्यात.

तेवढ्यात त्यो सासरा आला, खांद्यावर वैरनीचा भारा. भारा टाकला आन म्हनला, काय रं, कशाचा तमाशा? दहा जन एकदम सांगाया लागले. म्हातारा म्हनला, मारा की, मी न्हाई कुठं म्हनतो, पन ह्यो माझा बोकड घ्यायला आलाय म्हनं, तर पयला सौदा हुऊ द्या. माझ्याम्होरं उकिडवा बसला, हात हातात घेतला आन डोक्याचा फेटा सोडून वर टाकला. त्याची बोटं म्हंजे बाभळीच्या मुळ्या. त्यानं भाव दाबला. डोळ्याम्होरं दावं घेतलेला मानूस हुबा. व्हय म्हनायचं का न्हाई मी? भाव काय, अख्खी फटफटी देऊन टाकायची येळ. पन बोकड मी मघाशी बगितला हुता, त्याची पाठ बसकी हुती. भाव जास्त हुता. आन माझं बोट, मला न इचारता, पाचशेनं खाली आलं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बगितलं. परत त्योच भाव दाबला, जोरात. माझं बोट परत खाली.

त्यो जो हसला, भुईवरच बसला. म्हनला, आरं गाढवांनो, दाव्याला टेकलाय आन बोकडाचं पाचशे कमी करतोय! पोरं चोरनारा आसता तर इचारल्या भावाला दोन बोकडं घिऊन पळाला आसता. ह्यो चोर न्हाई, व्यापारी हाय. चोरापरीस वंगाळ! मंग सगळे हसले, ते येगळं हसनं. त्या चष्म्यावाल्यानं मला पानी दिलं. दावं कुठं गेलं ते मात्र मी शेवटपतूर बगत हुतो. ते बोकडाच्या गळ्यात गेलं. बोकड मी घेतला, पाचशे कमीनंच. म्हातारा सोडायला वेशीपतूर आला आन म्हनला, हात मोलाचा हाय तुझा, तोंड मात्र झाकून जात जा.

तवापसनं झाकूनच जातो. खिशात गोळ्या ठेवत न्हाई. बाजारात पोर रडलं की मी पाठ फिरवतो. आमची नात हाय, स्वरा, बालवाडीत जाती. आबा, बोट द्या म्हनती. मी म्हनतो, आज्जीचं धर. कमल तिला घिऊन म्होरं चालती, मी मागनं, चार पावलं लांब, जसा कुनी परका. पोरगी वळून वळून बगती. तिला काय सांगू? पन घरात, खिडकी लावली की तिचा हात हातात घेतो, वर रुमाल टाकतो. ती पाच बोटं दाबती, मी तिनावर आनतो. लई हुशार हाय, आता चारच्या खाली येत न्हाई.

तेवढं झालं. तुमची लेकरंबाळं सुखात ऱ्हावू द्या, कुनाची नजर न लागो, आन त्यांच्यापायी कुनाच्या जिवावर न येवो. आन हे ठळक लिवा, त्यो शिनेमा हुता. फोटो? न्हाई, न्हाई. एका फोटोपायी मी त्या साहेबाशी जनमभर भांडलो, आन आता तुमी सोताहून इचारताय, तर न्हाई. तोंडाचा नको. लईच वाटत आसंल तर हाताचा काढा. थांबा. कमलनं हातावरनंच वळखलं हुतं. जरा थांबा, रुमाल टाकतो त्याच्यावर.