बुन्नाम आजींची तारीख

बसमध्ये हेवॉनच्या पुढेच एक शिकाऊ नर्स आणि तिच्या मॅडम बसल्या होत्या. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना घरी तपासून त्या परतत होत्या.

"मॅडम, बुन्नाम आजींना विसरायला होतंय. आजची तारीख विचारली, तर मागचाच महिना सांगितला."

"बाकी काय म्हणाल्या?"

"परवा नवऱ्याचं श्राद्ध आहे म्हणे. नैवेद्याला मासेसुद्धा आणून ठेवलेत."

"ते बरं लक्षात राहिलं! अगं, श्राद्ध कशावर धरतात?"

"चांद्र तिथीवर... अगंबाई! माझी आजीसुद्धा तशीच तारीख सांगते."

हेवॉनने मोबाइलवर आजची चांद्र तिथी पाहिली. त्या पंचांगात अजून मागचाच महिना चालू होता.

"मॅडम, मी त्यांच्या मुलाला फोन केलाय. तो आजच त्यांना वृद्धाश्रमात नेणार आहे."

"मग बसलीस काय?"

हेवॉननेच त्यांच्यासाठी बस थांबवायच्या घंटीचं बटण दाबलं.