अंगणातली फरशी

बसा ना हो पावणे, अशी काय घाई लागलीय? पेटी काय पळून चाललीय का — किल्ली सापडली की देतेच. तुमच्या बहिणीची पेटी, आमी कामून ठिवून घेऊ? चारठाण्याहून निघून, जिंतूरला बस बदलून, या उन्हात झरीपर्यंत आलाव, आधी पाणी प्या. फ्रिजमधलं नको? मग माठातलं घ्या. त्या माठाला पोतं तुमच्या रुद्राणीनंच गुंडाळलंय — सकाळी वलं करायचं, बस. ती माहेरी गेली तरी मी करते. सवय लागलीय. सवयच, दुसरं काय.

हिकडं या, या खोलीत उभं ऱ्हावा जरा. गार लागायलंय का न्हाई? वरी पत्रेच हायत, पंखा सुद्धा बंद हाय. लग्न होऊन आली त्या पहिल्याच उन्हाळ्यात मला मनली, आत्या, पत्र्यावर चुना मारू. मी हसले — चुना भिंतीला असतो, छपराला कोण मारतं? पण तिनं बादलीत चुना कालवला, पावसानं धुऊन जाऊ ने मनून थोडा डिंक घातला, पदर खोचला अन् शिडी लावून चढली वरी. गल्ली गोळा झाली! आमचे मालक दुकानातून आले ते लालबुंद होऊन — सांबप्पाची सून छपरावर, लोक काय मनतील. अन् दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून जे झोपले हितं, ते ऊन उतरल्यावरच उठले. मी मनले, कसं वाटलं? तर मनले, चहा ठिव.

तशीच होती ती — भांडायची न्हाई, करून दाखवायची. त्या भिंतीवर दुपारपासून मावळतीचं ऊन, हात लावला तर चटका — तिथं सुतळ्या बांधून दोडक्याचा वेल चढवला. भिंत बी गार, दोडके बी खाऊन खाऊन कंटाळलो. जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या, दुकानातली प्लास्टिकची पन्नी बंद. भाजीची देठं, सालं समदं एका फुटक्या रांजणात, त्याचं खत. अन् न्हाणीचं पाणी — ते पयले गल्लीत जायचं, चिखल, डास, शेजारची सरजाबाई रोज उठून शिव्या द्यायची. रुद्राणीनं अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खंदला — शोषखड्डा मनतात त्याला — खाली दगड, वरी विटांचे तुकडे, वाळू. पाणी सरळ भुईत. बाजूला दोन पपया लावल्या. सरजाबाई स्वतः पपई मागायला आली हो, शिव्या देणारी! आता त्या भिंतीवर नुसत्या सुतळ्या लोंबायल्यात, बघितल्या ना? पपया बी न्हाईत. ते कसं झालं ते... तुमाला काय सांगावं, तिनं सांगितलंच असंल की समदं.

न्हाई सांगितलं?

काहीच न्हाई? मग काय मनली — माहेरपण करायला आले? दोन महिने? अन् तुमच्या आईनं विचारलं न्हाई? ... हं. हं. बघा, मीच बोलून बसले. जाऊ द्या. किल्ली त्या फडताळात असंल.

न्हाई, असं बघू नका माझ्याकडं. सांगते. आता अर्धं ऐकलं तर तुमी वाटेत नको ते मनात आणसाल. कुणी हात लावला न्हाई तिला, देवाची शपथ. मी परभणीला होते, डोळ्याच्या ऑपरेशनला, अन् रुद्राणी तुमच्याकडं आलती, चुलतबहिणीच्या लग्नाला. आमच्या लेकीला, शिवानीला बघायला पावणे येणार होते. बापलेकांनी काय ठरवलं — अंगण मातीचं, बरं दिसत न्हाई, इज्जतीचा सवाल हाय. मनून शहाबादी फरशी टाकली. समद्या अंगणात, हिकडच्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सिमेंट भरून. वेल आडवा आला, तोडला. पपया तोडल्या. खड्ड्यावर बी फरशी. तो बेल तेवढा ऱ्हायला — शंकराचा मनून त्याला हात लावायची हिंमत झाली न्हाई. मी काळा चष्मा लावून रिक्षातून उतरले तर मला वाटलं, डोळाच बिघडला. समदं राखाडी दिसायलं. चष्मा काढून बघितलं, तरी तेच.

ती आली दुसऱ्या दिवशी. पिशवी हातातच. उंबऱ्यात उभी ऱ्हायली किती वेळ. मग आत जाऊन भाकरी टाकल्या. पावणे आले, बसले, अंगण तापलेलं, त्यांचं म्हातारं माणूस मनलं, लय भाजायलंय हो पायाला. तवा ही चहा देता देता हळूच मनली — नवऱ्याला, वैभवला, मोठ्यानं न्हाई — एक पट्टी उघडी ठिवू या ना, कडेनं, पाण्यापुरती. तेवढंच हो! अन् आमचा वैभव, चार माणसात, मोठ्यानं मनला, असलं काय करायचं ते तुझ्या बापाच्या घरी जाऊन कर.

तिनं ट्रे खाली ठिवला. सावकाश ठिवला, आवाज न करता. पावण्यांनी चहा घेतला, उठले, कळवतो मनले — अजून कळवायलेत. अन् ही सांजच्या बसनं गेली. तुमचा बाप वारून किती वर्षं झाली, ते त्याला मालूम न्हाई का? मालूम हाय. तरी मनला.

तुमी उठलाव कामून? बसा. बसा मनते ना. तिकडं अंगणात बाजेखाली बघा — हाव, उचला बाज. दिसली माती? मीच काढल्या त्या फरशा. रोज मालक दुकानात गेले की पहार घ्यायची, सिमेंट फोडायचं, एखादी निघते, एखादी न्हाई निघत. डॉक्टर मनला व्हता, वजन उचलू नका, वाकू नका. आता ह्या वयात काय सांबाळायचं डोळ्याला — बघायला तर काही ठिवलं न्हाई अंगणात. खड्ड्यावरची काल निघाली. खाली माती कशी होती सांगू? वली. अजून वली. मी हात घालून बसले तशीच... हे कुणाला सांगू नका. तिला बी सांगू नका, तिला वाटंल, आत्या गळ घालायल्यात.

थांबा. गाडी वाजली. वैभवच हाय.

ये. बघ कोण आलंय. राजेश्वर आलेत, पेटी न्यायला. ... बाज मीच सरकवली. फरशा बी मीच काढल्या, हाव. बापाला सांगायचं तर सांग. ... न्हाई, आत जाऊ नको. हितंच उभं ऱ्हा. ती पेटी कपाटावरून काढ अन् तुझ्या गाडीवर ठिव. बसनं कामून जातील पावणे? तूच सोड चारठाण्याला. अन् तिथं त्यांची आई असंल, भावकी असंल, त्यांच्या समोर बोल — जे हितं चार माणसात बोललास ते चुकलं मनून, तितक्याच मोठ्यानं. तिला आण मनत न्हाई मी. ऐकायलास का? आणू नको. येणं न येणं तिच्या मनावर हाय, तू नुसतं बोल अन् माघारी ये. ... दुकान मी बघते. ... ऊन हाय तर डोक्याला रुमाल बांध.

पावणे, ही घ्या किल्ली. तुमी मागं बसा, पेटी मधी धरा. कडी ढिली हाय तिची, जपून. माझ्याकडं काय बघायलाव? जावा. जावा आता.