खुंट्याची जागा

काशम्मा : अगं बाई गं... फिरंना की हे! रेशनची ही तांबडी मिलो ज्वारी हाय का खडी?

(सोलापूर, १९७३. पिठाच्या गिरणीचा पट्टा तुटलाय. घरातल्या जात्याशी सासू काशम्मा, समोर सून नीलम्मा, उंबऱ्यावर नववीतली नात नागम्मा.)

नीलम्मा : मिलो काय करल, अत्याबाई? खुंटा आतल्या भोकात हाय. मला सतरा वर्सं तितंच लावाया लावलासा.

काशम्मा : मग घाल की आता भायेरच्यात.

नीलम्मा : आँ? तितं चीर हाय, म्हणून चुन्यानं बुजवलंय, असं म्हणला व्हतासा. दगड फुटंल.

काशम्मा : नागे, तू तरी सांग तुझ्या आईला.

नागम्मा : आज्जी, मधल्या खिळ्यापासून आतलं भोक चार बोटांवर, बाहेरचं आठ. आठवर धरलं की निम्म्या जोरात फिरतंय. बलाचं आघूर्ण म्हणतात त्याला, परवाच शिकवलं.

काशम्मा : आन चारवर?

नागम्मा : जोर दुप्पट. काम मात्र तेवढंच.

काशम्मा : काम तेवढंच न्हवं? मग हिचं रडगाणं कसलं?

नीलम्मा : ह्या खांद्याचं. पोरीची वेणी घालाया हात वर जात न्हाई माजा. पुस्तकात खांदा नसतोय, अत्याबाई. ओढा.

काशम्मा : घोटभर पाणी तरी दे.

नीलम्मा : दळण झाल्यावर. मलाबी तवाच मिळायचं.

नागम्मा : अव्वा, बास की आता.

नीलम्मा : तू गप. काल गोजरबाई जात्याला टाकी लावाया आली. छिन्नी लागली आन चुन्याचा गोळा निसटून पडला. आत दगड अखंड. केसाएवढी चीर न्हाई.

काशम्मा : टाकीवालीचं काय ऐकतीस!

नीलम्मा : माज्या डोळ्यानं बघितलं. गिरणी उद्या सुरू झाली तरी दळण तुमीच करायचं. हितंच, चार बोटांवर. न्हाईतर का बुजवलं ते सांगा, खुंटा मी भायेर घालते.

काशम्मा : हात भरून आला गं...

नीलम्मा : अजून दोनच मुठी झाल्यात.

नागम्मा : आज्जी, सांग की. बाबा असते तर त्यांनीच विचारलं असतं.

काशम्मा : त्यो काय इचारणार? त्याच्यापायीच तर... नीला, तू नवी आलीस तवा दळताना गायचीस. माजा शिवप्पा त्या उंबऱ्यावर बसून ऱ्हायचा. मिलचा भोंगा व्हायचा, तरी उठायचा न्हाई. मी हाक मारली तर ऐकू जायची न्हाई त्याला.

नीलम्मा : मग?

काशम्मा : जड जात्यावर गाया दम पुरत न्हाई. मला ठावं व्हतं.