जळालेले पंख

शिडीवरून पडलेला वायरमन डोक्याला पट्टी बांधून दवाखान्याच्या बाकावर बसला होता. शेजारी त्याची थोरली बहीण. पडण्याआधीचा सारा महिना त्याच्या आठवणीतून धुतल्यासारखा नाहीसा झाला होता. पलीकडे बसलेल्या अबोल तरुणाला त्यांचे बोलणे ऐकू येत होते.

"लोहपंख आठवतो का रे? आपण रविवारी बघतो ती मालिका?"

"उडणारा ना? आठवतो की."

"गेल्या भागात तो मनोऱ्यावरून उडाला. बरोबर होतं ना ते?"

"असेल."

"असेल काय? नीट आठव, राजा."

तरुणाने तो भाग पाहिला होता. त्यातली चूक त्याच्या ओठांवर आली. पण ती त्याने सांगून उपयोग नव्हता. त्याने श्वाससुद्धा रोखून धरला.

"थांब, ताई. त्याचे पंख तर जळाले होते ना?"

"कुठे?"

"काचेच्या कारखान्यात, भट्टीपाशी! त्याच्या आदल्याच भागात. मग हा उडाला कसा?"

"नवे आणले असतील."

"बाजारात मिळतात काय? तेव्हाही तू हेच म्हणालीस. माझ्या मांडीवर खुशाल पाय टाकून बसली होतीस."

"आणि तू काय म्हणालास?"

"लिहिणाऱ्याने अक्कल गहाण टाकलीय, म्हणालो. पुढचा भाग बघणार नाही, म्हणालो. अगं, रडतेस काय? बघू की पुढचा भाग!"

तरुणाने हळूच श्वास सोडला.

"नाही रडत. पंख कसे जळाले, ते पुन्हा पहिल्यापासून सांग."